सोमाजीची शेवटची पाळी

या, जरा जवळ सरकून बसा. आणि तो मोबाईल आधी पालथा ठेवा. मी रागावत नाही, पण रागावण्यासारखंच आहे तुमचं. आमच्या वर्ध्यातल्या नालवाडीच्या महिला मंडळातल्या निम्म्या जणी सिंगापूर पाहून आल्या, दोघी दुबईला गेल्या, एक तर बर्फात उभी राहून फोटो काढून आली. आणि सकाळची एसटी धरली तर जेवणवेळेला पोचता येईल असं आपलं बोरचं जंगल, तिथं कोण कोण गेलंय म्हणून विचारलं तर सगळ्या एकमेकींकडे पाहतात. गेल्या त्या धरणावर डबा खाऊन परत आल्या. त्याला जाणं नाही म्हणत, बायांनो.

मी जाऊन आले. तीन दिवस राहून आले. फार हौसेनं गेले होते असं नाही, आणि आल्यापासून मन ठिकाणावर नाही. म्हणून म्हटलं, लिहून काढावं.

जंगलाच्या कडेचं गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. पन्नास वर्षांपूर्वी आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, तिथल्या एकखोली शाळेवर होते. आठ वर्षं काढली आम्ही तिथं. माझं शिक्षण म्हणाल तर तिथलंच. दुपारी स्वयंपाक आटोपला की वर्गाच्या मागच्या भिंतीशी पोतं टाकून बसायचं आणि पोरांबरोबर पाटीवर गिरवायचं. माझ्या बाजूला आणखी एक बसायची, मैना. गोंडाची सून, माझ्याच वयाची, शेजारच्या घरची. माझ्या दोन्ही बाळंतपणांत नाळ तिनंच कापली. तिचा नवरा सोमाजी. उंच, सडसडीत, बोलायला कमी.

सोमाजी गेल्या वर्षी शिमग्याच्या दहा दिवस आधी जंगलाच्या आगीत गेला. भाजला नाही, धुरानं गेला. निरोप मला दुसऱ्याच दिवशी आला होता. मी गेले नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघा दुखत होता हे खरं, पण इतका नाही. मैनासमोर उभं कसं राहायचं, हे कळत नव्हतं. अशानं वर्ष निघून गेलं.

मग यंदा गणपतचा फोन आला. गणपत म्हणजे तिथला सरपंच, मास्तरांचा विद्यार्थी. म्हणाला, "काकू, एक काम होतं. मैनाबाई तुमचं आयकते."

काम असं होतं. युरोपातल्या एका देशातून काही लोक आले होते. त्यांना एक कागद करायचा होता. गावानं जंगल राखायचं, तीस वर्षं. बदल्यात विहीर खोल करून तिच्यावर सूर्यावर चालणारा पंप, शाळेला नवी खोली. गणपतनं मला सगळं समजावून सांगितलं. झाडं धूर गिळतात म्हणे. आपल्या जंगलानं जेवढा धूर गिळला, तेवढा त्या देशाच्या नावावर लिहायचा. म्हणजे त्यांनी धूर केला तरी कागदावर तो फिटला. सगळ्या घरांनी सह्या दिल्या होत्या. जंगल तर आपण राखतोच, मग पंप आला तर काय वाईट? एकट्या मैनाच्या घरची सही राहिली होती, आणि एक घर जरी राहिलं तरी कागद पुढे जात नव्हता.

"तुमी समजवा तिले," गणपत म्हणाला. मी हो म्हटलं. वर्षभर न गेल्याची लाज होती, तिला या कामाचा आडोसा मिळाला.

हिंगणीच्या पुढे

हिंगणीपर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी जीप. हरभरा निघालेला होता, गहू पिवळा पडलेला, कुठं कुठं कपाशीची पऱ्हाटी अजून शेतात उभीच होती. मग शेतं संपली आणि पळस सुरू झाला. पूर्वी पळस फुललेला पाहिला की मला हरखून जायला व्हायचं. या वेळी पाहवेना. सगळा डोंगर पेटल्यासारखा दिसत होता, आणि सोमाजीनं शेवटी हेच पाहिलं असेल, असं सारखं मनात येत होतं. मी खिडकीतून तोंड आत घेतलं.

फाट्यावर उतरले तर चपलेचा अंगठा तुटला. एका हातात पिशवी, एका हातात चप्पल, आणि वर फाल्गुनातलं ऊन, पण जेठातल्यासारखं. अशी चालले. समोरून एक बाई जळणाचा भारा घेऊन येत होती. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं, भारा खाली टाकला, कमरेला पळसाच्या मुळीचा दोर होता त्यातला एक पदर सोलला, आणि चप्पल अशी बांधून दिली की अजून तुटली नाही. आमच्या नालवाडीत चार जणींनी विचारलं असतं, 'अगंबाई, तुटली का?' इथं विचारलं काहीच नाही. मी भारा उचलून दिला तेव्हा तेवढं 'जय सेवा' म्हणाली, गोंडांचा रामराम तो.

मैना दारात बसून शिवत होती. जुनी लुगडी एकाला एक जोडून भली मोठी चादर केलेली. मला पाहून उठली नाही. पायाकडे पाहून म्हणाली, "मास्तरीन, वर्सानं आली आन् चप्पल बी मोडून आली?" आणि हसली. तिच्या हसण्यानंच माझे डोळे भरून आले. तिचे नाही. तिनं सुई दोऱ्यात अडकवून ठेवली आणि माझा हात धरून मला खाली बसवलं. का आली नाहीस, हे तिनं तीन दिवसांत एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ती चादर मोहाखाली अंथरायची होती. मोहफूल पहाटे गळतं, ते वेचायला जमीन साफ लागते. त्यासाठी आजवर झाडाखालचा पाला पेटवून देत. गेल्या वर्षीची आग तशीच लागली होती. गावातल्याच एकानं आपल्या मोहाखाली पाला पेटवला, पूर्वी जसा विझायचा तसा विझेल म्हणून. पूर्वी जमिनीत ओल असायची. चैत लागेपर्यंत आगीची भीती नसे. आता माघातच पान वाजायला लागतं. वारा सुटला आणि आग धावली.

मग सोमाजीच्या तेराव्याला गावानं ठरवलं, मोहाखाली कोणी जाळायचं नाही. जाळणं सोपं होतं, अर्ध्या तासाचं काम. आता हातानं झाडा, लुगडी अंथरा, वाऱ्यानं उडाली तर पुन्हा अंथरा. पण वर्षभरात एकानंही काडी ओढली नाही.

मी चादर जरा पुढे ओढून पाहिली. लुगड्यांच्या मध्ये दोन पांढरे पट्टे होते. सोमाजीची धोतरं.  

काठीचा कायदा

जेवायला ज्वारीची भाकर, हरभऱ्याच्या वाळल्या पानांची भाजी आणि ठेचा होता. वर मोहाचा लाडू, तिळात कुटलेला. माझी वरची कवळी त्या लाडवात अशी रुतली की लाडू बाहेर काढला तर कवळीही बरोबर आली. मैनाची सून सरिता तोंडाला पदर लावून आत पळाली. मैना म्हणाली, "खाय खाय, तुये दात बी खाऊन घे."

जेवताना मी दाराकडे पाहत होते. दाराला काठी नव्हती. तिच्या घरची पाळी दोन दिवसांवर होती.

ही पाळी काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गावात तेंदूची एक काठी आहे, माणसाच्या खांद्याएवढी. सकाळी ज्याच्या दाराला ती टेकलेली, त्यानं त्या दिवशी जंगलाला फेरी मारायची. कुऱ्हाड चालताना दिसली तर अडवायचं, आणि जाळरेषेवरचा पाला झाडायचा. जाळरेषा म्हणजे जंगलात मोकळा ठेवलेला पट्टा, आग आलीच तर तिथं थांबावी म्हणून. फेरी संपली की काठी शेजारच्या दाराला लावून द्यायची. झालं.

पण यात बारीकसारीक गोष्टी आहेत. ज्याची गुरं जास्त, त्याच्या घरून दोन माणसं. बाळंतिणीच्या घराला सुट्टी. अडचण असली तर अदलाबदल करता येते. तू माझी कर, मी तुझी करीन. पण मजूर लावून पाळी करता येत नाही. आम्ही होतो तेव्हा गावात एक किराणावाला होता. त्यानं आपला गडी पाठवला. संध्याकाळी काठी पुढच्या घरी गेलीच नाही. परत त्याच्याच दाराला. तीन दिवस तीच. चौथ्या दिवशी तो स्वतः झाडू घेऊन निघाला.

आणि आमच्याही दाराला ती एकदा आली. मास्तर म्हणाले, आम्ही सरकारी माणसं, आज इथं, उद्या बदली. आम्हाला कशी पाळी? तेव्हा मैना नवी नवरी होती, पदर डोळ्यापर्यंत. पण तिनं आमच्या अंगणात उभं राहून विचारलं होतं, "मास्तर, तुमच्या चुलीतून धूर निघते का नाई?" ज्या घरातून धूर निघतो त्या घराची पाळी, हा त्यांचा हिशेब. मास्तरांनी धोतर खोचलं आणि गेले. दोन्ही पोटऱ्या काट्यांनी ओरबाडून आले आणि रात्री कण्हत कण्हत म्हणाले, बरोबर आहे तिचं.

अजून एक रीत आहे, ती मला या वेळी नव्यानं कळली. पाळीवरचं माणूस मेलं तर त्याची पाळी वर्षभर थांबत नाही. काठी त्याच्या दाराला येतेच. कोणीतरी हाक देतो, 'सोमाजीची पाळी!' आणि ज्याला जमेल तो शेजारी ती करून टाकतो. घरच्यांनी करायची नाही, त्यांना दुःख असतं. वर्षाची शेवटची पाळी मात्र घरचंच माणूस करतं, आणि मग ते नाव थांबतं. सोमाजीची शेवटची पाळी परवा होती. मैना करणार होती.

संध्याकाळी ओट्यावर बसलो तेव्हा मी हळूच कागदाचा विषय काढला. दोन वाक्यंही झाली नसतील.

"गनपतनं बलावलं ना तुले?" मैना म्हणाली.

मी मान हलवली. खोटं बोलून चाललं नसतं.

ती रागावली नाही. मला म्हणाली, त्या लोकांवर माझा राग नाही. जंगल राखायचंच आहे, त्यात कागद कशाला, तेही राहू दे. पण पाळी बदलून घेता येते, विकत घेता येत नाही. ते त्यांची पाळी आपल्याला देऊन राहिले. मग आपली ते कधी करणार, एवढं सांगावं.

 मी मंडळाचे ठराव लिहिते, जगातल्या देशांचे नाही. मी विषय बदलला. वाटलं, उद्या बैठकीत कोणीतरी शहाणं माणूस सांगेल.

समाजमंदिरात

दुसऱ्या दिवशी ती मंडळी आली. दोघंच होती. एल्सा नावाची बाई, पंचावन्न-साठची, उन्हानं नाक लाल झालेलं, आणि नागपूरचे वानखेडे साहेब, तिचं बोलणं मराठीत सांगायला. खुर्च्या मांडल्या होत्या, पण बाई सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसली. बसताना तिचे गुडघे माझ्यासारखेच वाजले. मला ती तेव्हाच थोडी आवडली.

वानखेडे साहेबांनी कागद वाचला. शेवटी म्हणाले, आता राखण करणाऱ्यांची नावं वाचतो, प्रत्येकानं हाय म्हणा. एकेक नाव, एकेक 'हाय'. आणि मध्येच, काही न घडल्यासारखं, सोमाजीचं नाव आलं.

कोणी हाय म्हटलं नाही. वानखेडे साहेबांनी पुन्हा वाचलं. एल्साबाईनं हसून इकडे तिकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. साहेब म्हणाले, "मॅडम विचारताहेत, कोण सोमाजी? यांच्या नावावर वर्षात बऱ्याच फेऱ्या आहेत."

आता यात कोणाची लबाडी नव्हती, हे तुम्हाला पटायला हवं. त्यांनी गणपतला विचारलं होतं, पाळ्या कोण करतं? गणपतनं पाळीप्रमाणे नावं सांगितली. गावाच्या लेखी सोमाजी वर्षभर पाळी करतच होता. त्याच्या नावानं हाक पडत होती. गणपतला ते चूक वाटलंच नाही. आणि कागद करणाऱ्यांना, पाळ्या करणारा माणूस मेलेला असेल, हे सुचणार कुठून? अशा रीतीनं मेलेला सोमाजी वर्षभर दुसऱ्या देशाच्या नावानं जंगल राखत होता.

मैना उठली. मी तिच्या लुगड्याचं टोक धरलं होतं, ते तिनं सोडवून घेतलं.

"थो माहा मालक होता," ती म्हणाली. "आगीत गेला. थो तुमची पाळी करनार नाई."

साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं. बाईचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं, काढायचं कसं ते तिला सुचेना. साहेब बिचारे गडबडले. घाईघाईत, सावरायला म्हणून म्हणाले, ती आग तर गावातूनच लागली होती ना? मोहाखालून? म्हणूनच तर हा कागद पाहिजे, की असं पुन्हा होऊ नये.

 ज्यानं पाला पेटवला होता तो तिथंच बसला होता, भिंतीकडे. त्यानं मान खाली घातली. त्याचं नाव मी लिहिणार नाही. मैनानंही घेतलं नाही, आजवर कधीच घेतलं नाही.

"हो," ती म्हणाली. "आमच्याच्यानंच लागली. म्हनून आमी जाळनं बंद केलं. तुमी काय बंद केलं?"

 मला वाटतं, साहेबांना ते बाईला सांगायचं नव्हतं. पण बाई त्यांच्याकडे पाहत राहिली, पुन्हा पुन्हा विचारू लागली, तेव्हा त्यांनी सांगितलं.

 बाई काय बोलली ते मी साहेबांच्या तोंडून ऐकलं तसं सांगते. तिच्या देशातली मोठी जंगलं तिच्या पणज्याच्याही आधी तुटली. जहाजं झाली, कोळसा झाला, शहरं झाली. आता तिथली मुलं जुनं जंगल पाहायला दुसऱ्या देशात जातात. सगळे देश वरचेवर एकत्र बसतात, जंगल टिकलं पाहिजे असं सगळेच म्हणतात. कोणी किती करायचं, कोणी किती सोडायचं, इथं आलं की अडतं. ती स्वतः अशा बैठकांत बसली आहे. म्हणाली, दमून गेले, म्हणून वाटलं, निदान एखाद्या गावापुरतं काही करावं.

मैनानं सगळं नीट ऐकून घेतलं. तिला राग यायला हवा होता, पण तिचा आवाज उलट मऊ झाला. "मंग सद्या काठी कोनाच्या दारात हाय?" तिनं विचारलं.

काठी म्हणजे काय ते साहेबांना सांगावं लागलं, गणपतनं सांगितलं. बाईनं उत्तर दिलं आणि साहेबांनी ते खालच्या आवाजात मराठीत केलं. कोणाच्याच नाही. सगळे म्हणतात, शेजारच्याच्या दारात आहे.

इथं गोष्ट संपली असती तर मी आनंदानं घरी आले असते, मैनानं त्यांना कसं गप्प केलं ते मंडळात सांगत. पण सरिता उठली. तिची सून. तिला सासूसमोर बोलायची सवय नाही.

"आत्याबाई, थे काठी कोनाच्याबी दारात असो. आपल्या दारात पानी नाई."

एवढंच बोलून खाली बसली आणि रडायला लागली. विहीर चैतात आटते. दोन-दोन कोस चालून पाणी आणावं लागतं, आणि ते सरिता आणते, तिच्यासारख्या पोरी आणतात. पंप आला तर खालचं पाणी वर येईल. तीही खोटं बोलत नव्हती.

मैनानं सुनेकडे पाहिलं.  ती बाहेर निघून गेली. मी मागे गेले तर म्हणाली, गोंडीत काहीतरी. आठ वर्षं राहून मी ती भाषा शिकले नाही, याची लाज मला त्या दिवशी वाटली.

तिसऱ्या दिवशी

पहाटे दाराला काठी होती.

मैनानं एका हातात काठी, दुसऱ्यात नवा झाडू घेतला, शिंदीचा. आम्ही निघालो तर ओट्याखाली एल्साबाई उभी. रात्री गणपतकडे राहिली होती. साहेब बरोबर नव्हते. तिनं झाडूकडे बोट दाखवलं आणि स्वतःकडे. मैनाला कळलं.

"चाल," ती म्हणाली. "पन झाडू देनार नाई. आज थ्याची पाळी हाय."

शब्द कळले नसतील, पण बाईला अर्थ कळला. ती मागे मागे चालत राहिली. आम्हा दोघींच्या मागे, रिकाम्या हातानं.

जंगलात शिरल्यावर मोहाचा वास यायला लागला. फुलं नुकती कुठं पडायला लागली होती. पुढे जाळरेषा. तिच्या एका अंगाला साग, धावडा, सगळे बुंध्यापासून वर काळे. नवी पालवी फुटत होती, पण काळ्या लाकडावर ती पालवी परक्याची वाटत होती. दुसऱ्या अंगाला जंगल होतं तसं. हिरवं नाही, फाल्गुनात कुठलं हिरवं, पण जिवंत. मध्ये दोन हात रुंदीचा पट्टा. तो त्या दिवशी सोमाजीनं झाडला होता. आग तिथपर्यंत आली होती आणि थांबली होती. त्याच्या हाका ऐकून गाव पोचलं तेव्हा तो नाल्याकाठी अर्जुनाच्या झाडाला टेकून बसला होता. झोपल्यासारखा, असं सगळे म्हणतात. हातात झाडू होता.

नाल्यापर्यंतच माझे गुडघे टिकले. मी दगडावर बसले. मैना झाडत गेली. घाई नाही, थांबणं नाही. पाला एका बाजूला, एका बाजूला. अर्जुनाच्या झाडाशी पोचली तेव्हा थांबली. झाडाखालचा पाला झाडूनं नाही, हातानं काढला. मग बसली, पाठ झाडाला टेकून, तो बसला होता तशीच. आणि त्याच्याशी बोलायला लागली. बराच वेळ बोलत होती. मध्येच हसलीही. नवऱ्याला टोमणा मारताना बाई हसते तसं.

एल्साबाई दूर उभी होती. तिच्या गळ्यात कॅमेरा होता. तिनं हात लावला नाही. एकदा खाली वाकून तिनं रेषेवर उडून आलेली दोन-तीन पानं उचलली आणि पलीकडे टाकली. मैनानं ते पाहिलं. अडवलं नाही.

परत गावात शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मैना गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि काठी जमिनीवर आपटून मोठ्यानं म्हणाली, "सोमाजीची पाळी झाली."

बाया आपापल्या दारात आल्या होत्या. एकेका दारातून उत्तर आलं, "झाली." कोणी मोठ्यानं, कोणी पुटपुटत. समाजमंदिरात भिंतीकडे मान खाली घालून बसलेला तोही आपल्या दारात होता, त्यानंही म्हटलं. शेवटी सरितानं म्हटलं. मग मैनानं काठी शेजारच्या दाराला लावली. आणि तेव्हा, त्या काठीवरून हात सुटल्यावर, वर्षात पहिल्यांदा, ती रडली. मी तिला धरून उभी होते. गेल्या वर्षी धरायला हवं होतं.

दुपारी गणपत कागद घेऊन आला, मागे साहेब आणि बाई. सोमाजीचं नाव खोडलं होतं, त्याच्या फेऱ्या काढून टाकल्या होत्या. मैना म्हणाली, जित्या माणसांच्या पाळ्या घ्या, मी सही केली नाही तरी जंगल काही मी सोडून देणार नाही, आणि सून पाणी आणता आणता म्हातारी व्हायला नको. तिनं पेन घेतला. तिला अंगठा लावावा लागत नाही, तीही माझ्याबरोबर पोत्यावर बसली होती. एक एक अक्षर तोलून तिनं लिहिलं, 'मैना'. आणि पेन खाली ठेवला.

साहेब म्हणाले, पूर्ण नाव पाहिजे, मधे पतीचं नाव.

"थ्याचं नाव तुमच्या कागदावर नाई देनार," मैना म्हणाली.

साहेबांनी बाईकडे पाहिलं. बाईनं हात पुढे करून कागद घेतला, तसाच, अर्ध्या सहीचा, आणि घडी करून आपल्या पिशवीत ठेवला. निघताना ती मैनाच्या पाया पडायला वाकली, तर मैनानं तिला वरच्या वर धरलं. म्हणाली, "पुढच्या माघात येजो. पान पडाले लागलं का येजो. पन एकटी नोको येऊ. घरचे घेऊन येजो, शेजारचे घेऊन येजो. पाळ्या गंज हायत, सरत नाई."

साहेबांनी सांगितलं. बाई हो म्हणाली. खरंच येईल का, मला ठाऊक नाही. तिचा देश लांब आहे, आणि तिचे शेजारी काय म्हणतील कोण जाणे.

परतीच्या काळीपिवळीत मी एकच विचार करत होते. देशादेशांचं राहू द्या. आमच्या नालवाडीच्या घरात दोन एसी आहेत, दारात गाडी आहे, धूर काय फक्त चुलीतूनच निघतो का? तिच्या गावाला वर्धा म्हणजेही एक लांबचा देशच की. आणि मी तर तिथं तिला सही करायला सांगायला गेले होते.

म्हणून सांगते. एल्साबाईचं तिचं ती पाहील, तुम्ही या. माघ लागला, पानं वाजायला लागली की माझ्याकडे नालवाडीला या, सकाळची पहिली एसटी धरू. जोडे मजबूत घाला, डबा नको, भाकर तिथं मिळेल. झाडू मी आणते. पण उशीर करू नका बायांनो, लवकर या. मैना माझ्याच वयाची आहे, आणि रेषा लांब आहे.